नाक शाबूत, वास गायब: एनएव्ही १.७ चॅनेलचे प्रकरण

एससीएन९ए या जनुकाच्या दोन्ही प्रती निकामी असलेल्या माणसाला जन्मापासून वेदना होत नाही. हाड मोडते, चटका बसतो, जीभ दाताखाली येऊन फाटते, पण दुखत नाही. २००६ मध्ये उत्तर पाकिस्तानातील तीन कुटुंबांच्या अभ्यासातून या दोषाचे मूळ सापडले. या जनुकापासून एनएव्ही १.७ हे सोडियम चॅनेल, म्हणजे पेशीच्या आवरणातले सोडियम आत सोडणारे दार, तयार होते आणि वेदना वाहणाऱ्या चेतापेशींना त्याच्याशिवाय चालत नाही. त्या मुलांना स्पर्श कळत होता, दाब कळत होता, गरम-थंडही कळत होते. त्यामुळे ‘वेदनेचे चॅनेल’ ही ओळख एनएव्ही १.७ ला लगेच चिकटली. त्यांच्या गंधज्ञानाकडे तेव्हा कोणाचे लक्ष गेले नाही.

पाच वर्षांनी, २०११ मध्ये, जर्मनीतील झारलँड विद्यापीठाचे फ्रँक त्सुफाल आणि लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजचे जॉन वुड यांच्या गटांनी असा दोष असलेल्या तीन व्यक्तींचे गंधज्ञान तपासले. तिघांनाही कोणताच वास येत नव्हता. एकच निकामी प्रत बाळगणाऱ्या पालकांना मात्र वास व्यवस्थित येत होता.

नाकातल्या चॅनेलांबद्दल तोवर जे माहीत होते त्यात एनएव्ही १.७ ला अशी मध्यवर्ती जागा नव्हती. म्हणून प्रश्न असा उभा राहिला: वासाचा संदेश नाकात तयारच होत नाही, की तयार होऊन वाटेत कुठेतरी मरतो? या प्रकरणात शिकण्यासारखे जे आहे ते सारे या एका प्रश्नाच्या उत्तरात आहे.

नाकात काय घडायला हवे

नाकाच्या छताशी गंधपेशींचा एक पातळ थर असतो. प्रत्येक पेशीच्या टोकाला दहा ते तीस केसल, म्हणजे केसासारखे सूक्ष्म धागे, असतात आणि ते श्लेष्म्यात, म्हणजे नाकातल्या चिकट ओलाव्यात, पसरलेले असतात. वासाचा रेणू श्लेष्म्यात विरघळून केसलावरच्या गंधग्राहीला, म्हणजे वास ओळखणाऱ्या प्रथिनाला, चिकटतो. माणसात असे चालू स्थितीतले गंधग्राही सुमारे चारशे प्रकारचे असतात, पण एका गंधपेशीत साधारणपणे एकच प्रकार असतो. या गंधग्राहींचे जनुककुटुंब लिंडा बक आणि रिचर्ड अ‍ॅक्सेल यांनी १९९१ मध्ये दाखवले. २००४ चे नोबेल त्यांना त्याच कामासाठी मिळाले.

ग्राही हे चॅनेल नव्हे. तो जी-प्रथिन या आतल्या निरोप्या प्रथिनाला जागे करतो, ते अ‍ॅडिनिलेट सायक्लेज ३ या विकराला (एन्झाइमला), आणि त्यातून चक्रीय एएमपी हा पेशीतला संदेशवाहक रेणू तयार होतो. पहिले चॅनेल इथे येते. चक्रीय एएमपी आतून चिकटले की सीएनजी चॅनेल उघडते आणि सोडियम व कॅल्शियम आत शिरतात. या चॅनेलमध्ये चार उपघटक असतात: सीएनजीए२ चे दोन, सीएनजीए४ चा एक आणि सीएनजीबी१बी चा एक. सीएनजीए२ एकटाही चॅनेल बांधू शकतो, पण त्याला उघडायला चक्रीय एएमपी जास्त लागते आणि कॅल्शियमचा लगाम त्याच्यावर नीट बसत नाही. वास टिकून राहिला की काही सेकंदांत तो जाणवेनासा होतो, त्यामागच्या कारणांपैकी हा लगाम एक आहे.

आत आलेले कॅल्शियम दुसरे चॅनेल उघडते. ते क्लोराइडचे असून त्याचे नाव टीएमईएम१६बी, दुसरे नाव अ‍ॅनोक्टॅमिन २. इथे बहुतेकांचा गोंधळ होतो. क्लोराइड हा ऋण आयन, म्हणजे ऋण विद्युतभार असलेला कण. सर्वसाधारण प्रौढ चेतापेशीत त्याचे चॅनेल उघडले की क्लोराइड आत जाते आणि पेशी शांत होते. गंधपेशीत उलटे घडते. एनकेसीसी१ हा वाहक पेशीत आधीच भरपूर क्लोराइड साठवून ठेवतो, इतके की आतले आणि श्लेष्म्यातले प्रमाण जवळजवळ सारखे होते. त्यामुळे चॅनेल उघडताच क्लोराइड बाहेर पडते आणि पेशी आणखी उत्तेजित होते. उंदरांच्या गंधपेशींत वासाने निर्माण होणाऱ्या प्रवाहाचा मोठा वाटा याच क्लोराइडचा असतो.

एवढा मोठा वाटा, म्हणजे हे चॅनेल गेले की वास गेला, असे वाटणे साहजिक आहे. तसे होत नाही. अ‍ॅनोक्टॅमिन २ काढून टाकलेले उंदीर वासाच्या चाचण्या बऱ्याच अंशी नेहमीसारख्या पार पाडतात. माणसातही पुरावा तिकडेच बोट दाखवतो. रक्त न गोठण्याच्या फॉन विलेब्रांड आजाराच्या तिसऱ्या प्रकारात काही रुग्णांच्या गुणसूत्राचा मोठा तुकडा गळालेला असतो आणि त्यात या चॅनेलच्या जनुकाचा भागही जातो. अशा रुग्णांच्या तपासणीत गंधज्ञानात स्पष्ट घट आढळली नाही. सीएनजीए२ ची गोष्ट वेगळी. ते नसलेल्या उंदरांची वासाला मिळणारी विद्युत प्रतिक्रियाच नाहीशी होते. प्रवाहात कोणाचा वाटा किती मोठा, यावरून कोणाशिवाय चालणार नाही हे ठरवता येत नाही. एनएव्ही १.७ कडे बघताना हे ध्यानात ठेवावे लागते.

केसलांमधला हा प्रवाह पेशीकायापर्यंत पसरतो. गंधपेशीचा विद्युत रोध काही गिगाओहम इतका प्रचंड असल्यामुळे काही पिकोअँपिअर प्रवाहही तिच्यात स्पंद, म्हणजे चेतापेशीतून धावणारा विजेचा ठोका, उठवायला पुरतो. स्पंद म्हणजे सोडियम चॅनेलांचे काम. तो अक्षतंतूवरून, म्हणजे पेशीच्या लांब धाग्यावरून, चाळणीसारख्या अस्थिपट्टीतून कवटीत शिरतो, घ्राणकंद या मेंदूच्या वास घेणाऱ्या भागातल्या गुच्छिकेत (तंतूंच्या टोकांच्या गोळ्यात) पोहोचतो, तिथे तंतूच्या टोकाशी कॅल्शियम चॅनेल उघडतात आणि ग्लुटामेट हे पुढच्या पेशीला संदेश देणारे रसायन बाहेर पडते. ते पलीकडच्या मायट्रल पेशीला, म्हणजे घ्राणकंदातून संदेश पुढे नेणाऱ्या चेतापेशीला, मिळाले की संदेश मेंदूत पोहोचला असे म्हणता येते.

साखळी नेमकी कुठे तुटली

माणसाच्या नाकात आणि घ्राणकंदात एकेका टप्प्यावर विद्युतमापन करणे शक्य नव्हते, म्हणून पुढचे काम उंदरांवर झाले. अख्ख्या शरीरातून एनएव्ही १.७ काढलेले उंदीर २००४ मध्येच बनवले गेले होते, पण ते जन्मल्यानंतर लवकरच मरत. ती पिले दूध पीत नव्हती. उंदराच्या पिलाला आचळ वासाने सापडते, तेव्हा आज मागे वळून पाहता त्या मृत्यूंचा अर्थ लावणे सोपे वाटते. पुढे २०१४ मध्ये अशी पिले हाताने भरवून वाढवली गेली. ती मोठी झाली आणि त्यांना वेदनाही नव्हती, वासही नव्हता.

२०११ च्या अभ्यासात म्हणूनच चॅनेल फक्त गंधपेशींतून काढले. परिपक्व गंधपेशींत ओएमपी नावाचे प्रथिन तयार होते. त्याच्या जनुकाच्या नियंत्रणाखाली कात्री चालवणारे विकर ठेवले की एससीएन९ए फक्त त्याच पेशींत कापले जाते. घ्राणकंद, मेंदू आणि वेदनेच्या चेतापेशी अबाधित राहतात. या रचनेचा फायदा मोठा आहे: प्राण्याला वास आला नाही तर दोष गंधपेशीतच आहे, एवढे आधीच पक्के असते. उरतो तो प्रश्न म्हणजे गंधपेशीच्या कोणत्या भागात.

पहिला टप्पा केसल आणि पेशीकाय. गंधपेशींना वास दिला आणि स्पंद मोजले. एनएव्ही १.७ नसतानाही वासाला उत्तर म्हणून स्पंद मिळाले. म्हणजे ग्राही, सीएनजी, क्लोराइड ही सारी फळी जागेवर होती आणि पेशीकायात स्पंद उठवण्यापुरती इतर सोडियम चॅनेलेही होती. तपास इथेच थांबवला असता तर ‘नाक निर्दोष, दोष मेंदूत’ असा निष्कर्ष निघाला असता, आणि तो साफ चुकला असता.

दुसरा टप्पा घ्राणकंद. कंदाच्या पातळ कापांत घ्राणचेतेच्या तंतूंना विजेचा धक्का दिला आणि पलीकडच्या मायट्रल पेशींत प्रवाह मोजला. निरोगी उंदरात तो लगेच दिसतो. इथे दिसला नाही. अक्षतंतूच्या टोकातून संदेश पुढे जातच नव्हता. ऊतींच्या रंगचाचणीनेही हेच सुचवले. निरोगी प्राण्यात एनएव्ही १.७ गंधपेशींच्या अक्षतंतूंत आणि गुच्छिकांत दाट दिसते. शिवाय गुच्छिकेभोवतीच्या पेशींत टायरोसिन हायड्रॉक्सिलेज हे विकर घटले होते. नाकाकडून येणारी उत्तेजना थांबली की हे विकर कमी होते, नाकपुडी बंद केलेल्या प्राण्यांतही तसेच दिसते.

वागणुकीतही तेच. हे उंदीर जन्मजात टाळायच्या वासापासून दूर जात नव्हते, नव्या वासाची थोड्या वेळाची ओळखही ठेवत नव्हते, आणि माद्या घरट्याबाहेर पडलेली पिले गोळा करून आणत नव्हत्या.

टोकाशीच का

पेशीकायात पर्यायी चॅनेल चालते, मग टोकाशी का चालत नाही? गंधपेशीचा अक्षतंतू शरीरातल्या सर्वांत बारीक तंतूंपैकी आहे, जाडी सुमारे ०.२ मायक्रोमीटर, संदेश वेगाने नेण्यास मदत करणारे मायलिनचे आवरण नाही. एवढ्या बारीक तंतूत स्पंद प्रत्येक ठिकाणी नव्याने उभा करावा लागतो, आणि टोकाशी तंतू फाटे फोडतो तिथे तो विझण्याची शक्यता सर्वाधिक असते. एनएव्ही १.७ चा एक गुण इथे कामी येतो. ते बंद अवस्थेतून निष्क्रिय अवस्थेत फार सावकाश जाते, म्हणून हळूहळू चढणाऱ्या लहान उत्तेजनेलाही प्रतिसाद देऊन ती मोठी करते. ते मुख्यतः टोकाकडे तैनात असेल आणि त्याची जागा घेणारे दुसरे कोणी तिथे पुरेसे नसेल, तर स्पंद तंतूत निघूनही टोकावर कॅल्शियम चॅनेल उघडत नाहीत आणि ग्लुटामेट सुटत नाही. पत्र टपालपेटीत पडले, गाडीतही चढले, पण शेवटच्या गावात पोस्टमनच नाही, असा हा प्रकार.

खरे कारण सापडते ते चॅनेल पेशीत आहे की नाही यापेक्षा ते पेशीच्या कोणत्या भागात किती आहे, यात. एकाच पेशीच्या एका टोकाला बदली चॅनेल असतात आणि दुसऱ्या टोकाला नसतात, ही गोष्ट जनुकाच्या नुसत्या यादीतून कळत नाही.

असा रुग्ण समोर आला तर

जन्मजात वेदनाहीन माणूस वासाची तक्रार घेऊन येत नाही. त्याने वास कधी अनुभवलेलाच नसतो, आणि घरच्यांचे सारे लक्ष जखमा, भाजणे आणि चुकीची जुळलेली हाडे यांवर असते. ‘वास येतो का?’ असे विचारले तर बहुधा ‘येतो’ हेच उत्तर मिळते, कारण इतर लोक ज्याला वास म्हणतात ते आपल्यालाही होत असावे असे त्याला वाटते. म्हणून मोजमाप हवेच.

स्निफिन स्टिक्स ही पेनांची चाचणी त्यासाठी सोयीची. तिचे तीन भाग आहेत. उंबरठा, म्हणजे जेमतेम कळणारा सर्वांत पुसट वास, मोजताना एन-ब्युटेनॉल या वासाच्या द्रवाची ४ टक्क्यांपासून निम्मी निम्मी होत जाणारी सोळा प्रमाणे असतात. प्रत्येक वेळी तीन पेने, त्यांतल्या एकातच वास. डोळ्यांना पट्टी, पेन नाकापुढे सुमारे २ सेंटिमीटरवर ३ सेकंद, आणि सात वळणबिंदूंपैकी (उत्तर बरोबरचे चूक किंवा चुकीचे बरोबर झाल्यावर प्रमाणाची दिशा जिथे बदलते त्या जागा) शेवटच्या चारांची सरासरी. दुसऱ्या भागात तीन पेनांतले वेगळे ओळखायचे, तिसऱ्यात चार पर्यायांतून वासाचे नाव. एकूण ४८ पैकी १६ किंवा त्याहून कमी गुण म्हणजे व्यवहारात गंधहीनता. उत्तर द्यायचेच असल्यामुळे निव्वळ अंदाजानेही दुसऱ्या भागात पाचेक आणि तिसऱ्यात चार गुण पडतात, उंबरठ्याचा किमान एक धरला की बेरीज दहाच्या आसपास जाते. तेव्हा ११ गुण पाहून ‘थोडा वास येतो’ असे लिहू नये. लहान मुलांना पर्यायांची नावेच माहीत नसतात, त्यांच्यात नाव ओळखण्याच्या भागावर विसंबणे चूक.

एक फसगत या दोषाची खास आहे. गंधहीनतेचे सोंग ओळखण्यासाठी अमोनियासारखा झोंबणारा पदार्थ देण्याची जुनी रीत आहे. झोंबणे हे घ्राणचेतेचे काम नाही, ते चेहऱ्याची संवेदना वाहणाऱ्या त्रिशाखी चेतेचे. तिथे टीआरपीव्ही१ आणि टीआरपीए१ अशी वेगळी चॅनेल झोंबणाऱ्या पदार्थाला उत्तर देतात. म्हणून खरोखर गंधहीन माणूसही अमोनियाने मागे सरकतो आणि ‘काहीच जाणवले नाही’ म्हणणाऱ्यावर संशय घेतला जातो. पण या रुग्णांत वेदना वाहणाऱ्या त्रिशाखी चेतापेशींतही एनएव्ही १.७ नसते. अमोनियाने तो हलला नाही म्हणून त्याला खोटारडा ठरवणे अन्यायाचे होईल. याच कारणाने, थंडावा किंवा झोंबणे वगळून मुख्यतः घ्राणचेतेला उत्तेजित करणारा, गुलाबासारखा वास असलेला फिनाइल इथाइल अल्कोहोल हा पदार्थ उंबरठ्यासाठी एन-ब्युटेनॉलपेक्षा भरवशाचा.

नाकाच्या पृष्ठभागावरून घेतला जाणारा विद्युत आलेख इथे दिशाभूल करू शकतो. तो मुख्यतः केसलांतल्या सीएनजी आणि क्लोराइड प्रवाहांची बेरीज दाखवतो, आणि एनएव्ही १.७ त्याच्या पुढच्या टप्प्यावर आहे. म्हणून त्या आलेखात उत्तर मिळाले तरी वास येतो असे सिद्ध होत नाही.

जनुकचाचणी मागण्यापूर्वी सोबतच्या लक्षणांकडे पाहिले तर दिशा बरीचशी ठरते. वेदना नाही आणि वास नाही, तर एससीएन९ए. रातांधळेपणा, पुढे नजरेचा परीघ आकसणे आणि वास कमी, तर सीएनजीबी१ तपासावे, कारण या जनुकाचा एक अवतार डोळ्याच्या दंडपेशींत (मंद उजेडात पाहणाऱ्या पेशींत) आणि दुसरा गंधपेशींत लागतो. दृष्टिपटलाचा हा आजार असलेल्यांना वासाविषयी कोणी विचारत नाही, हे खेदाने म्हणावे लागते. बाकी काही नसताना फक्त भावांना जन्मापासून वास नसेल तर एक्स गुणसूत्रावरचे सीएनजीए२ डोळ्यांपुढे ठेवावे, तसे दोन भाऊ नोंदले गेले आहेत. वयात येणे लांबले असेल तर हे चॅनेलचे प्रकरण नव्हे. तो काल्मान सिंड्रोम, म्हणजे वयात आणणाऱ्या संप्रेरकांची उणीव आणि गंधहीनता एकत्र असलेला जन्मजात दोष, असू शकतो आणि एमआरआयमध्ये घ्राणकंदच नसतो किंवा खुरटलेला असतो.

एससीएन९ए चा निकाल वाचताना एक सावधगिरी. याच जनुकातले वेगळे बदल चॅनेल निकामी करण्याऐवजी अतिउत्साही करतात, आणि त्यातून हातपाय लाल होऊन जळजळणारा एरिथ्रोमेलाल्जिया होतो. तेव्हा अहवालात फक्त ‘बदल आढळला’ एवढे पुरत नाही. दोन्ही प्रतींत दोष आहे का आणि तो चॅनेल बंद पाडणारा आहे का, हे दोन्ही पाहावे लागते. पालक वाहक असतील तर प्रत्येक गर्भाला दोष येण्याची शक्यता २५ टक्के. वाहकांना वेदना आणि वास दोन्ही असल्यामुळे घराण्याच्या इतिहासात काही सापडेलच असे नाही.

वेदना परत येते, वास येत नाही

एकच चॅनेल गेल्यामुळे दोन संवेदना गेल्या, म्हणून कारणही एकच असेल असे वाटणे साहजिक होते. २०२१ मध्ये वुड यांच्याच गटाच्या अभ्यासाने चित्र बदलले. एनएव्ही १.७ नसलेल्या उंदरांच्या वेदनापेशी परिघावर जवळजवळ नेहमीसारख्या पेटतात, अडते ते पाठीच्या कण्यातल्या त्यांच्या टोकातून ग्लुटामेट सुटणे. इथवर गंधपेशीशी साम्य आहे. पण कण्यातली ही अडवणूक शरीराच्या स्वतःच्या ओपिऑइड यंत्रणेवर, म्हणजे अफूसारख्या अंगच्या वेदनाशामकांवर, अवलंबून निघाली. ओपिऑइड रोखणारे नॅलोक्सोन दिल्यावर हा दोष असलेल्या माणसांतही वेदना बऱ्याच प्रमाणात जाणवू लागली. गंधपेशीच्या टोकातला खोळंबा मात्र ओपिऑइडवर अवलंबून नाही, त्यामुळे नॅलोक्सोनने वास परत येण्याची आशा धरण्याला आधार नाही. वासासाठी टोकाशी चॅनेलच हवे, आणि ते परत बसवण्याचा उपचार आज रुग्णाला देता येत नाही.

याचाच दुसरा अर्थ वेदनाशामक शोधणाऱ्यांसाठी आहे. एनएव्ही १.७ अडवणारे औषध घ्राणचेतेच्या तंतूंपर्यंत पुरेसे पोहोचले तर वास मंदावू शकतो. म्हणून अशा औषधाच्या चाचणीत सुरुवातीला आणि मात्रा वाढवताना गंधमापन ठेवणे शहाणपणाचे. रुग्ण स्वतःहून ते सांगेल यावर भिस्त ठेवू नये.

रुग्णाच्या रोजच्या जगण्यात दोन उणिवा एकमेकींना वाढवतात. धूर कळत नाही आणि भाजलेलेही कळत नाही. गळतीची सूचना म्हणून गॅसमध्ये मिसळलेला मर्कॅप्टनचा उग्र वास या माणसाला निरुपयोगी आहे. घरात धूरसूचक आणि गॅससूचक दोन्ही हवेत. एलपीजी हवेपेक्षा जड असल्यामुळे त्याचा सूचक जमिनीलगत, आणि नैसर्गिक वायू हलका म्हणून त्याचा छताजवळ. जागा उलटसुलट झाली तर उपकरण चालू असूनही वेळेवर वाजणार नाही. उरलेल्या अन्नावर तारीख लिहून ठेवावी, वास घेऊन ठरवण्याचा मार्ग इथे नाही. त्वचेची, तोंडाची आणि डोळ्यांची रोज ठरलेल्या वेळी नजरेने तपासणी करावी, आणि मूल लहान असेपर्यंत ती दुसऱ्या कोणी करावी.